रांगेच्या टोकाची बाई

हिरी नगराध्यक्ष झाली त्याला दोन वर्षं होत आली, तरी अजून ती नगरपंचायतीत मागच्या दाराने जाते. पुढच्या दाराला गुळगुळीत फरशी आहे आणि तिच्या चपलांना बारा महिने पाड्याची माती असते. शिपाई म्हणतो, "मॅडम, पुढून या, लोक बघतात." हिरी म्हणते, "मागून आले तरी बघतातच की."

जव्हार-मोखाड्याच्या डोंगरांतलं हे गाव शहर झालं ते कागदावर. बाजारपेठेचे दोन रस्ते आणि त्यांना चिकटलेले पाडे मिळून नगरपंचायत झाली. अध्यक्षपदाची चिठ्ठी निघाली ती राखीव जागेच्या बाईची. निवडून आलेल्यांत अशा बाया दोनच. एक नुकती बाळंत झालेली, दुसरी हिरी. आश्रमशाळेत दहावीपर्यंत शिकलेली, आणि त्यानंतरची वीस वर्षं दुसऱ्यांच्या शेतात वाकलेली. हार गळ्यात पडला तेव्हा तिला वाटलं होतं, बरंच झालं, आता भारतीला कोणी मजुराची पोर म्हणणार नाही.

पण झालं भलतंच. पाड्यावर कामासाठी गाव सोडण्याला जगायला जाणं म्हणतात. दिवाळी झाली, भात घरात आलं, की नाशिककडच्या बागाईतदारांच्या जीपगाड्या येतात आणि पाडा रिकामा होतो. हिरी, तिचा नवरा रोहिदास आणि मुलगी भारती दर वर्षी मिळून द्राक्षाच्या मळ्यावर जात. तिथे प्लास्टिकच्या कागदाची खोपटी असली तरी तिघं एका जागी असत. अध्यक्ष झाल्यापासून हिरीला गाव सोडता येईना. दर महिन्याला सभा, अधूनमधून पाहुणे, रोज सह्या. मिळणारं मानधन घराला पुरत नाही म्हणून रोहिदास जाणारच, आणि बागाईतदाराला जोडी लागते म्हणून बापाबरोबर भारती.

पहिल्या हिवाळ्यात हिरीने होळीपर्यंतचे दिवस एकटीने काढले. नागलीचं पीठ सवयीने तिघांचं मळायची आणि उरलेली भाकर शेजारच्या बकरीला घालायची. रविवारी फोन यायचा तेव्हा रोहिदासशी दोन शब्द, की भारतीला मागायची. आणि मग तिचे प्रश्न सुरू व्हायचे. निजतेस कुठे? तुझ्या बाजूला कोण निजतं? न्हायची जागा आडोशाची आहे का? औषध मारतात तेव्हा तू लांब उभी राहतेस ना? तुझा आवाज असा का येतोय? भारती हसून म्हणायची, "आई, तू सभेत पण इतकं विचारतेस का?" सभेत हिरी काहीच विचारत नसे.

यंदा भारती गावच्या कॉलेजात पहिल्या वर्षाला होती. प्राचार्यांनी आधीच बजावलं होतं, हजेरी भरली नाही तर परीक्षेला बसता येणार नाही. म्हणजे दिवाळीनंतर ती मळ्यावर गेली तर वर्ष गेलं. आणि त्याच पावसाळ्यात सरकारचं एक पत्र आलं. पदाधिकाऱ्यांचं मानधन नगरपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातून वाढवायला हरकत नाही. लोकांच्या हरकती ऐका, सभेत ठराव करा, पुढच्या महिन्यापासून लागू.

हिरीने ते पत्र दोनदा वाचलं आणि घरी येऊन रोहिदासला सांगितलं. तो कोयत्याला धार लावत होता. हात न थांबवता म्हणाला, "तेवढं झालं तर पोरीला ठेव घरी. मी एकटा जाईन, कुणाच्या तरी जोडीला."

"दिवाळीच्या आधी होईल ना पण?"

"ते तू सांगायचं. अध्यक्ष तू का मी?"

भारती चुलीपाशी होती. दुसऱ्या दिवशी तिने मैत्रिणीकडून इतिहासाचं पुस्तक आणलं आणि त्याला जुन्या कॅलेंडरचं कव्हर घातलं. चार दिवसांत परत करायच्या पुस्तकाला कोणी कव्हर घालत नाही. हिरीने ते पाहिलं, आणि त्या दिवसापासून तिला दुसरं काही सुचेना.

गावाला मात्र भरपूर सुचत होतं. चौकात फलक लागला, नळाला दिवसाआड पाणी आणि साहेबांना दुप्पट मानधन. मोबाइलवरच्या ग्रुपात सकाळपासून चकमकी. पांड्याच्या चहाच्या टपरीवर कोणी म्हणे निवडणुकीचा खर्च काढायचाय, कोणी म्हणे गाडी घ्यायचीय. हिरी समोरून गेली की पांड्या मोठ्याने विचारायचा, "मॅडम, चहा सांगू? आता तुम्हीच पाजायचा म्हणा." लोक हसायचे. हिरीही हसायची आणि पुढे जायची. तिला वाटायचं, थांबावं आणि सांगावं, गाडी नको मला, माझी पोर घरी राहू दे एवढंच. पण तसं सांगितलं तर सगळा गाव भारतीकडे बघणार. आणि पाड्यावर कोणाची पोर जात नाही? मग हिरीचीच का राहावी?

हरकतींची सुनावणी शाळेच्या सभागृहात ठेवली. टेबलामागे हिरी, एका बाजूला मुख्याधिकारी, दुसऱ्या बाजूला उपाध्यक्ष उमेश. उमेशच्या वडिलांची नदीकाठी भातशेती होती. तिथे आवणीला, म्हणजे भात लावायला, हिरी पंधरा पावसाळे गेली होती. उमेश तेव्हा बांधावर छत्री धरून उभा असायचा.

कापडदुकानदार उठला आणि पाण्यावर बोलला. एक निवृत्त गुरुजी म्हणाले, "वाढवा मानधन, पण मग आमच्यासारखी हजेरीची वही ठेवा." टाळ्या पडल्या. उमेश उभा राहिला. "मला या मानधनाने काही फरक पडत नाही, माझं दुकान आहे. पण राखीव जागेवर आलेल्या माणसाचं घर कसं चालतं हे कोणी विचारलं का? मॅडमचा नवरा अजून मळ्यावर जातो."

तो चांगल्याच मनाने बोलला असेल. हिरीची मान खाली गेली.

तेवढ्यात मागून आवाज आला, "मी बोलू का?"

धोंडीबाई होती. साठीची बाई, कंत्राटदाराकडे झाडूला लागलेली, बाजार झाडून तशीच आलेली. तिच्याबरोबर झाडूवाल्या आणखी पाचजणी होत्या. त्या भिंतीला लागून उभ्या राहिल्या, बसल्या नाहीत. ती काय हरकत घेणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्यांचा पगार दोन-दोन महिने रखडतो, आणि वाढ तर कोणी ऐकलीही नव्हती.

"मी हरकत घ्यायला नाय आले," धोंडीबाई म्हणाली. "हिरीला मिळावं हे सांगायला आले."

लोक चपापले. पांड्या म्हणाला, "चहा पाजला वाटतं म्हातारीला."

"तू गप. तुझा चहा मी फुकट दिलास तरी नाय पीत." हशा ओसरेपर्यंत ती थांबली. "आवणीला बायांची रांग असते. तिच्या बांधाकडच्या टोकाला जी असते ती मालकाशी बोलते. मजुरी वाढवायची तर ती सगळ्यांची मागते. आपल्या एकटीची कवा मागत नाय, तशी रीतच नाय. आधी टोकाला मी होते. माझी कंबर गेली तवा मी हिरीला उभी केली. तिनं आमच्यासाठी मागितलं, पावसात उभी राहून मागितलं. या उमेशदादाच्या बापाला विचारा." उमेशने हसून मान डोलावली. "आता टोकाच्या बाईला लागलंय, तर ती आपल्या तोंडानं मागणार नाय. मग मागणार कोण? म्हणून मी मागते. द्या तिला."

आणि ती भिंतीपाशी परत गेली.

फलकवाल्यांपैकीही कोणी हरकतीला उठलं नाही. मुख्याधिकारी हलक्या आवाजात म्हणाले, "मॅडम, चांगलं झालं. आता ठराव वाचूया." कागद तयार होता. हात वर करायला निम्म्याहून जास्त सदस्य तयार होते. हिरीने फक्त हूं म्हणायचं होतं.

तिची नजर भिंतीकडे गेली. सहाजणी उभ्या होत्या, खांद्याला खांदा लावून, आवणीत रांग सरळ करून उभ्या राहतात तशा. त्यांतल्या चौघींबरोबर ती स्वतः वाकलेली होती. रांगेतल्या एकीला मिळालं आणि दुसरीला नाही, असं कधी झालंच नव्हतं. एकीची मजुरी अडली की सगळ्या कंबर सरळ करून उभ्या राहायच्या, हातातली रोपं हातातच. मालक दुपारपर्यंत बडबडायचा. पण उपटलेलं रोप उन्हात किती वेळ टिकणार? संध्याकाळच्या आत तो कबूल व्हायचाच.

हिरी उठली. "यात यांचं पण लिहा," ती म्हणाली. "झाडूवाल्यांचं. त्यांचं वाढल्याशिवाय आमचं नको."

टाळ्या इतक्या पडल्या की मुख्याधिकाऱ्यांना वाकून तिच्या कानाशी बोलावं लागलं. "मॅडम, त्या कंत्राटी आहेत. त्या या ठरावात बसत नाहीत. दोन्ही एकत्र केलं तर जिल्ह्याला मंजुरीला पाठवावं लागेल."

"मग पाठवा."

"कधी येईल सांगता येत नाही. वेगळं करूया का? तुमचं आज होईल, त्यांचं मागाहून बघू."

उमेशही झुकला. "ताई, ऐका साहेबांचं. हे आवणीचं शेत नाही."

हिरीच्या डोळ्यांपुढे कॅलेंडरचं कव्हर घातलेलं पुस्तक उभं राहिलं. दिवाळीला अजून महिना होता. महिना म्हणजे खूप झाला, तिने स्वतःला सांगितलं. उमेशच्या बापाने संध्याकाळ होऊ दिली नव्हती. "एकत्रच राहू दे," ती म्हणाली. हात वर झाले. ठराव मंजूर झाला आणि दोन दिवसांनी जिल्ह्याला गेला.

तिथे कोणाच्या हातात रोपं नव्हती. काही सुकत नव्हतं. जिल्ह्याने तो अभिप्रायासाठी आणखी वर पाठवला. हिरी आठवड्याला विचारायची, शिपाई आलेल्या पत्रांची बारनिशीची वही उलटून मान हलवायचा. गावात तिचं नाव झालं. पांड्याने एकदा खरोखरच पैसे न घेता चहा दिला. धोंडीबाई रस्त्यात भेटली की हात धरायची आणि म्हणायची, "येडी गं तू, हिरे. मी मागितलं होतं ना, घ्यायचंस." बाजारात कोणी चांगलं बोललं की हिरी मनात उरलेले दिवस मोजायची. दिवाळी जवळ येत होती.

वाघबारस झाली. दिवाळी झाली. पाचव्या दिवशी सकाळी जीप आली.

भारतीने पिशवी आदल्या दिवशीच भरली होती. वर गोधडी, खाली दोन ड्रेस, औषध मारताना डोक्याला बांधायचा जुना पंचा. इतिहासाचं पुस्तक कोनाड्यातच होतं.

"घेऊन जा ना," हिरी म्हणाली. "मळ्यावर वाचशील."

"उजेड कुठं असतो तिथं." मग भारती दाराकडे बघत म्हणाली, "आई, त्या दिवशी मी मागे उभी होते. सभागृहात."

हिरीला हे माहीत नव्हतं.

"सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी पण वाजवल्या. घरी आल्यावर मला कळलं, मी कशाला टाळ्या वाजवल्या ते."

"मला वाटलं, दिवाळीच्या आधी येईल."

"तुला वाटलं." भारतीचा आवाज चढला नाही. "तू सगळ्यांच्या टोकाला उभी राहतेस आई. मी तुझ्या रांगेत कुठं उभी राहू ते सांग."

हिरीने पिशवीचं तोंड पुन्हा एकदा बांधलं, ते आधीच घट्ट होतं. बाहेर रोहिदास गाडीवाल्याशी जागेवरून वाद घालत होता; भारतीला बायांच्या मध्ये बसव, कडेला नको. हिरीने त्याला हेच चारदा सांगून ठेवलं होतं. भारती बसली. तोंड दुसरीकडे होतं. गाडी सुरू झाली तेव्हा तिने मान वळवली आणि ओरडून सांगितलं, "शीलाकडे वह्या असतात." एवढंच. पुढचं इंजिनाच्या आवाजात गेलं.

तेवढ्यावर हिरी आठवड्याने कॉलेजच्या फाटकाशी जाऊन उभी राहिली. शीला म्हणजे भारतीच्या वर्गातली, खोडाळ्याकडून जीपने येणारी मुलगी. अध्यक्षबाईंना फाटकात बघून ती घाबरली. हिरी म्हणाली, "आठवड्याभराचं जे शिकवलंय ते मला दे. सोमवारी परत करते." प्राचार्यांनाही ती भेटली. ते म्हणाले, हजेरीचं काय करायचं ते मला आज सांगता येणार नाही, अर्ज देऊन ठेवा. अर्ज तिने स्वतःच्या अक्षरात लिहून दिला. तोही कुठल्या तरी टेबलावर आहे.

आता दुपारी कचेरी शांत असते तेव्हा हिरी आपल्या खुर्चीत बसून शीलाच्या वह्या उतरवून घेते, होळीला भारती परत आली की तिच्या हातात द्यायला. मोबाइलवर फोटो काढून पाठवता येतील, असं शिपायाने सुचवलं. पण मळ्यावर फोन रोहिदासकडे असतो, आणि बारीक अक्षरावर डोळे ताणून भारतीचं डोकं दुखेल, हे हिरीला ठाऊक आहे. आश्रमशाळेत अक्षराबद्दल तिला बक्षीस मिळालं होतं. ते अक्षर वीस वर्षांत वाकडं झालंय, पण लागतं. राज्यशास्त्रातलं तिला निम्मंसुद्धा समजत नाही. समजलं नाही तिथे ती समासात पेन्सिलने एक बारीक टिंब देते. हे भारतीला विचारायचं. पानापानावर टिंबं झाली आहेत.

परवा उमेश फाइल घेऊन आला. टेबलावर वह्या पसरलेल्या बघून दारातच थांबला.

"ताई, दोन सह्या हव्या होत्या. जिल्ह्याचं काही आलंय का?"

"नाही आलं."

"मग येतो मागाहून?"

"बसा," हिरी मान वर न करता म्हणाली. "एवढं पान होऊ दे. शीलाला सोमवारी द्यायचीय वही, आणि होळीला अजून लई दिवस हायत."