अर्धा कोयता

केशव सकाळच्या प्रॅक्टिसला आला नाही, तेव्हा मी आधी चिडलो. झोनल जिंकून आठवडा होत नाही तोच आमचा पिव्हट गायब. होस्टेलवर गेलो. खोलीतला मुलगा म्हणाला, काल दुपारी गावाकडचा कुणी माणूस आला होता, दोघं कोपऱ्यात उभे राहून बोलले आणि केशव पिशवी घेऊन निघून गेला. कुठं, ते सांगितलं नाही. कॅनव्हासचे बूट मात्र कॉटखाली होते. ते जिमखान्याचे, म्हणजे कॉलेजचे. घासून, वाळवून, नाड्या आत खोचून ठेवले होते. ते पाहिल्यावर माझा राग गेला आणि काळजी लागली. चार दिवसांसाठी जाणारा मुलगा बूट असे ठेवत नाही.

मी तेव्हा नगरच्या एका कॉलेजात फिजिकल डायरेक्टर होतो. हुद्दा भारदस्त, पण प्राचार्यांपासून शिपायापर्यंत सगळे मला पी.टी. मास्तर म्हणत. साल बहात्तरचं, दुष्काळाचं. होस्टेलला पाणी टँकरनं यायचं. आमचं बास्केटबॉलचं मैदान मुरमाचं. मुरमाच्या मैदानाला रोज पाणी मारावं लागतं आणि रोलर फिरवावा लागतो, नाहीतर त्याचा भुगा होतो. प्राचार्यांनी मला बोलावून सांगितलं, मुलांना प्यायला पाणी नाही, मैदानाला एक बादली मिळणार नाही. त्यांचं बरोबर होतं. मी उगाच तोंड वाकडं करून बाहेर आलो.

मैदान उखडलं. बास्केटबॉलमध्ये चेंडू जमिनीवर आपटत पळायचं असतं, त्याला ड्रिबल म्हणतात. आमच्या मैदानावर चेंडू आपटला की तो खड्ड्यात जाऊन कुठंही उडायचा. मग मी ड्रिबल जवळजवळ बंदच केलं. चेंडू जमिनीला लावायचाच नाही, हातातून हातात फेकायचा. खेळायला ते फार अवघड, पण एकदा जमलं की समोरच्याला कळतच नाही चेंडू कुठं आहे. झोनलला, म्हणजे जिल्ह्यातल्या कॉलेजांच्या सामन्यांना, आम्ही एकेकाला असं नाचवलं की लोक विचारायला लागले, हे कुणी शिकवलं. दुष्काळानं शिकवलं असं मी सांगायचो. लोकांना तो विनोद वाटायचा.

पण हा सगळा खेळ पिव्हटभोवती फिरायचा. पिव्हट म्हणजे बास्केटखाली पाठ करून उभा राहणारा उंच खेळाडू. चेंडू त्याच्याकडे फेकायचा. तो एक पाय जमिनीत रोवतो, त्या पायावर गर्रकन वळतो आणि बास्केट टाकतो, नाहीतर मोकळ्या माणसाला चेंडू देतो. केशव जामखेडकडचा. साडेसहा फुटांना जरासा कमी. हात पंख्याच्या पात्यांसारखे. वळताना रोवलेला पाय तसूभर हलत नसे. आता इंटरझोनल, म्हणजे झोनल जिंकलेल्या संघांची स्पर्धा, पुण्याला व्हायची होती. पहिल्यांदाच आमच्या कॉलेजला तिथं काही आशा होती, आणि ती आशा केशवएवढी उंच होती.

केशवचा पत्ता लावला आमच्या कॅप्टननं. विलास देवळाली प्रवराचा, घरचा ऊस, कालव्याखालची जमीन. रविवारी घरी जाऊन आला आणि सोमवारी माझ्यापुढं उभा राहिला. चेहरा उतरलेला.

"सर, केशव आमच्याच उसात आहे," तो म्हणाला. "तोडीला."

त्यानं लांबून पाहिलं होतं. टोळी ऊस तोडून मोळ्या गाडीवर भरत होती. एक उंच माणूस मोळी उचलायचा, एक पाय रोवायचा, वळायचा आणि मोळी गाडीवर टाकायचा. तोंडाला फडकं बांधलेलं. चेहरा दिसत नव्हता, पण विलासनं त्या पायावरून ओळखला. जवळ मात्र गेला नाही. का नाही गेलास, असं मी विचारलं. तो म्हणाला, काय म्हणून जाऊ सर, मालकाचा मुलगा म्हणून?

दुसऱ्या दिवशी मी, विलास आणि सुधाकर एस.टी.नं निघालो. सुधाकर आमचा राखीव पिव्हट. नगरचाच, वडील कोर्टात कारकून. उंची होती, खेळही बरा होता, पण केशव असेपर्यंत त्याला बेंचवरून उठायची वेळ येत नसे. खरं तर केशव गेला म्हणजे याची लॉटरी लागली होती. त्याला मी बोलावलं नव्हतं, तोच आला.

कालव्याच्या कडेला टोळीच्या कोप्या होत्या. कोपी म्हणजे उसाच्या पाचटाची वाकून आत जायची झोपडी. केशवचे वडील बाहेर कोयत्याला धार लावत बसले होते. आम्हाला पाहून उठले आणि विलासला हात जोडून "मालक, या" म्हणाले. मागून केशव आला. मैदानावर तो विलासला विल्या म्हणायचा, पास चुकला तर शिव्या द्यायचा. आता दोघंही जमिनीकडे बघत उभे राहिले. मला ते बघवलं नाही. मी उगाच घसा खाकरून बोलायला लागलो.

वडिलांनी शांतपणे सगळं सांगितलं. दरवर्षी ते आणि केशवची आई तोडीला यायचे, केशव होस्टेलवर राहून शिकायचा. यंदा आईला इथं आल्यावर ताप भरला. उतरायचा, पुन्हा चढायचा.

"गुरुजी, कोयता म्हंजी दोघं," ते म्हणाले. "एकानं तोडायचं, एकानं बांधून डोक्यावर न्यायचं. ही पडली, मी राहिलो अर्धा. अर्धा कोयता मुकादम कशाला ठिवील? आन् घरी जाऊन तरी काय खायाचं, हिरीत चिखल बी न्हाई."

मुकादम म्हणजे टोळी आणणारा आणि तिच्याकडून काम करून घेणारा माणूस. तो यांच्याच गावचा. मी त्याला गाठलं. दोन दिवस मुलगा सोडा म्हटलं. माणूस वाईट नव्हता. म्हणाला, गाडी रिकामी उभी राहिली तर कारखान्यावर मला जाब द्यावा लागतो, त्याच्या जागी माणूस दाखवा आणि खुशाल न्या. विलास म्हणाला, मी वडिलांना सांगून आमचा गडी देतो. केशवनं नकाराची मान हलवली. मालकाचा गडी आपल्या बापाबरोबर मोळ्या बांधणार, हे त्याला चालत नव्हतं. मालकाच्या गड्यावर हुकूम चालवायचा कसा, म्हणून मुकादमालाही चाललं नसतं.

तेव्हा सुधाकर बोलला. "सर, मी थांबतो."

मला वाटलं, थट्टा करतोय. तसा तो थट्टेखोरच होता. पण तो म्हणाला, "पुण्याला जाऊन बेंचच गरम करायचा ना? इथं निदान कामाला तरी येईन. केशव असला तर आपण जिंकू. मी असलो तर नाही जिंकणार, हे तुम्हालाही माहीत आहे."

मला माहीत होतं. केशव नको म्हणाला, दोनदा म्हणाला. कोपीतून त्याच्या आईचा आवाज आला, "जा रं. तुजा खेळ हाय न्हवं?" मग तो वाकून पिशवी आणायला आत गेला. राखीव खेळाडू मैदानात जातो आणि मुख्य खेळाडू बाहेर बसतो, हे मी आयुष्यभर केलं. राखीव उसात आणि मुख्य मैदानात, असा बदल तेवढा एकदाच.

पुण्याचं मैदान सिमेंटचं. आमची मुलं आधी त्यावर नुसती हात फिरवत राहिली. पहिली मॅच आम्ही जिंकली. चेंडू हवेतून असा फिरला की पुण्याची पोरं टाळ्या वाजवायला लागली. पण मला एक गोष्ट दिसली होती. केशवच्या हातात चेंडू येत होता, आणि पूर्वी जसा चिकटायचा तसा चिकटत नव्हता. निसटायचा, मग तो दुसऱ्यांदा पकडायचा. मॅचनंतर मी त्याचे हात बघितले. उसाच्या पानाला धार असते. बोटांवर बारीक बारीक चिरा होत्या आणि पेरांवर घट्टे पडले होते. बास्केटबॉल तळव्यानं नाही, पेरांनी खेळतात. चेंडू कळतो तो तिथं.

"दुखतंय का?" मी विचारलं.

"दुखलं असतं तर बरं होतं सर," तो म्हणाला. "काही लागतच नाही बोटांना."

दुसऱ्या दिवशी सेमी-फायनल. समोरचा संघ वेगवान होता. चेंडू उशिरा हाताला लागला की खेळाडू तो वाचवायला समोरच्याच्या अंगावर जातो, आणि अंगावर गेला की फाउल. पाच फाउल झाले की बाहेर, पुन्हा आत येता येत नाही. केशवचा चौथा झाला तेव्हा मी त्याला काढून थोडा वेळ बसवायला हवा होता. कोणत्याही कोचनं तेच केलं असतं. पण बसवून आत कुणाला पाठवणार? वळून बेंचकडे पाहिलं, तिथं माझ्या खांद्याएवढी दोन मुलं. सुधाकर देवळालीला मोळ्या बांधत होता.

आम्ही दोन बास्केटनी पुढं होतो तेव्हा केशवचा पाचवा फाउल झाला. त्याच्यानंतर बास्केटखाली आमचं कुणी उरलं नाही. त्यांचा पिव्हट एकटाच हात वर करून उभा राहायचा आणि चेंडू अलगद टाकायचा. पुढचा खेळ मी पाहिला, पण तो खेळ नव्हता. विलास शेवटपर्यंत पळत राहिला. हरलो.

केशव बाहेर आल्यावर रडला नाही, खाली मान घालूनही बसला नाही. बादलीतून पाण्याचे पेले भरून सगळ्यांना देत होता. माझ्याकडे पेला घेऊन आला. मी काहीतरी धीराचं बोलायला शब्द शोधत होतो.

"सर," त्यानंच विचारलं, "सुध्यानं किती मोळ्या बांधल्या असतील हो?"



सकाळी मी, विलास आणि केशव थेट देवळालीला उतरलो. सुधाकर कोपीपुढं बसला होता. हाताला फडकी, तोंड उन्हानं काळं पडलेलं. मला पाहून हसला, पण उठला नाही. त्याला उठता येत नव्हतं. केशवचे वडील म्हणाले, पोरगं लई गुणाचं, दम लावून काम केलं. मग म्हणाले, "पन मोळी बांधाया येती का लगेच? गाडीवर टाकली की सुटायची. मुकादम सुटकी मोळी धरत न्हाई."

मग कुणी बांधल्या, असं मी विचारलं नाही. कोपीच्या दाराशी केशवची आई पडून होती. तिच्या हाताला, केसांना उसाचं पाचट लागलेलं होतं. अंगात ताप असताना ती दोन दिवस उसात बसून होती. सुधाकर मोळी आणायचा, ती सोडून पुन्हा आवळून बांधून द्यायची. सुधाकरनं तिला परोपरीनं विनवलं होतं. ती त्याला म्हणाली होती, तू गप उचल.

केशव तिच्यापाशी वाकून बसला. तिनं डोळे उघडले.

"जिकलास का रं?"

केशवनं एकदा आमच्याकडे पाहिलं. "व्हय, माय," तो म्हणाला.

सुधाकरनं माझ्याकडे पाहिलं. त्याचा चेहरा उजळला होता. मला त्याच्याकडे बघवेना. विलास पाठ फिरवून कालव्याकडे चालू लागला. एक मॅच आम्ही जिंकली होती, तेव्हा केशव अगदीच खोटं बोलला असं म्हणता येत नाही, अशी मी माझी समजूत घातली. सुधाकरला खरं एस.टी.त सांगितलं. नगर येईपर्यंत तो खिडकीबाहेर बघत राहिला.

आईचा ताप पुढं उतरला, पण ती कामाची राहिली नाही. केशव सीझन संपेपर्यंत उसातच होता. परीक्षेला बसला नाही. प्राचार्यांनी सवलत द्यायची तयारी दाखवली, मी दोनदा निरोप पाठवला. उत्तर म्हणून उन्हाळ्यात लग्नाचं निमंत्रण आलं. वडिलांचा कोयता मोडला होता. केशवचं लग्न झालं की घरात पुन्हा नवरा-बायकोचा एक पुरा कोयता होणार होता. त्यांच्याकडे मुलांची लग्नं अशीच ठरतात, त्यात कुणाचा दोष नाही. दोष नाही म्हणून वाईट कमी वाटतं असंही नाही.

मी, विलास आणि सुधाकर जामखेडला लग्नाला गेलो. मांडव बुटका होता, केशव त्यात मान वाकवून उभा होता. बायको त्याच्या कोपराएवढी, चौदा-पंधरा वर्षांची असेल. त्यानं विलासला मिठी मारली, पण विल्या म्हटलं नाही.

आई मांडवाच्या मेढीला टेकून बसली होती. तिनं मला ओळखलं, हातानं जवळ बोलावलं आणि भोवतालच्या बायकांना सांगितलं, "हे त्याचे गुरुजी. ह्यांनीच पुन्याला नेलं, आन् माज्या पोरानं सगळ्यांना हरवलं." बायका कौतुकानं माझ्याकडे बघायला लागल्या. सुधाकर माझ्या शेजारीच उभा होता. तो म्हणाला, "तुम्ही मोळ्या बांधल्या म्हणून हो, मावशी." ती हसली.

त्यानंतर बरीच वर्षं मी संघ घेऊन गावोगाव फिरलो. राखीव पिव्हट सोबत असल्याशिवाय एकदाही एस.टी.त पाय ठेवला नाही. मुलं म्हणायची, सर फार नियमाचे. त्या सीझननं मला कामाचं एवढंच शिकवलं. केशवचे बूट पुढं सुधाकरनं घातले. त्याला ते मोठे व्हायचे, पुढं कापूस कोंबून खेळायचा.