चार पेले आणि एक नैवेद्य

पिंपरी-चिंचवडात मापाला पक्की माणसं पुष्कळ सापडतील, पण सणाचा पेला भरण्याआधी व्हर्नियर कॅलिपरनं कोंबडीचं अंडं मोजणारा माणूस अख्ख्या पृथ्वीवर एकच, आणि तो नेमका माझा घरमालक निघाला. मी परभणीकडचा, आठवीत शाळेला रामराम ठोकलेला, चाकणला एका कंपनीत वेल्डिंगच्या लाइनवर. पिंपळे गुरवमध्ये त्यांच्या मागच्या खोलीत राहायला गेलो तेव्हा त्यांनी नाव नंतर विचारलं. आधी विचारलं, "अंघोळीला पाणी किती लागतं?" मी घाबरून "अर्धी बादली" म्हणालो आणि पुढं सगळी वर्षं तेवढ्यातच भागवलं.

हे घरमालक काका बेने इस्रायल, म्हणजे आपल्याकडचे यहुदी. मूळ कोकणातले, बोली आपली, रश्शाचा मसाला आपला, धर्म मात्र थेट मोशेपासूनचा. आयुष्य गेलं टूलरूममध्ये क्वालिटी इन्स्पेक्टर म्हणून, म्हणजे दुसऱ्यानं घाम गाळून केलेलं काम नापास करण्यात. निवृत्तीनंतर कंपनीचा माल हातातून गेला, तेव्हा त्यांनी उरलेलं जग तपासायला घेतलं. माझ्या आईनं गावाहून पाठवलेले धपाटे त्यांनी उजेडात धरले, "जाडी एकसारखी नाही" असा शेरा मारला आणि पाच खाल्ले. मला डेंग्यू झाला तेव्हा दर तासाला ताप मोजून भिंतीवर त्याचा आलेख काढला. त्या आलेखाच्या पायथ्याशी बसून मला पेज भरवणारा माणूसही हाच, म्हणून मी त्यांना फार बोलत नाही. इथं लिहितोय तेवढंच.

तर त्यांचा पेसाह. यहुदी मिसरच्या, म्हणजे इजिप्तच्या, गुलामीतून सुटले त्याचा हा सण. त्या रात्रीच्या विधिवत जेवणाला म्हणतात सेदेर, आणि त्यात द्राक्षरसाचे चार पेले पिणं सक्तीचं. नुसतं प्यायचं नाही. राजासारखं डाव्या कुशीवर रेलून प्यायचं, कारण ताठ बसून घाईनं पितो तो गुलाम. आपला पेला आपण भरायचा नाही, दुसऱ्यानं भरायचा. पेल्यात दीड अंड्याएवढा रस मावलाच पाहिजे. इथं कॅलिपर आला. "शास्त्र लिहिलं तेव्हाची कोंबडी निराळी होती," काका म्हणाले. "ही पोल्ट्रीची. हिच्या भरवशावर देवापुढे बसायचं?" म्हणून त्यांनी माप सरळ दुप्पट केलं. देवानं गुलामीतून सोडवलं खरं, पण मोजमापातून सोडवायचं राहून गेलं असावं.

दुकानातली वाइन चालत नाही. ती कोणाच्या हातून गेली असेल कोण जाणे. म्हणून काळ्या मनुका तीन दिवस भिजवायच्या, कुस्करायच्या, गाळायच्या आणि तो रस उकळायचा. उकळी फुटेपर्यंत परधर्माच्या माणसाचा हात लागता कामा नये, म्हणजे माझा. एकदा उकळलं की चालतं. मला यात अपमान वाटला नाही. कोणाच्या हातचं पाणी चालतं नि कोणाच्या नाही, हे मी गावाकडं पाहिलेलं आहे. तिथं उकळूनसुद्धा सुटका नसते.

तो काकू गेल्यानंतरचा पहिला पेसाह होता. इस्रायलमधून मुलीचा रोज फोन. "पप्पा, एकट्यानं सेदेर कसा कराल? घर विका आणि इकडे या." शेवटी काकांनी तिला शब्द दिला, "यंदाचा सेदेर नियमानं पार पडला तर मी इथेच. नाही पडला तर घर विकायला काढतो." घर गेलं की माझी मागची खोलीही जाणार, हे कळायला आठवीसुद्धा पुरे होते. पेले भरायला मी, आणि घरातल्या सगळ्यात लहान माणसानं विचारायचा प्रश्न विचारायलाही मीच. मी रजा टाकली.

सणाच्या दिवशी, दिवस कलताना रस उकळला. काका म्हणाले, "आता हात लाव, काही बिघडत नाही," आणि अंघोळीला गेले. एवढा विश्वास माझ्यावर आजवर कुणी टाकला नव्हता; फोरमननं तर नाहीच. भरून आलं. आमच्या घरी नवं काही शिजलं की देवाला दाखवल्याशिवाय कुणी तोंड लावत नाही. मी वाटीभर रस घेतला, खोलीतल्या खंडोबाच्या टाकापुढं ठेवला, पाणी फिरवलं, "काकांचं सगळं नीट पार पडू दे" म्हणालो, आणि रीतीप्रमाणं वाटी परत पातेल्यात ओतली.

काका टॉवेलवर बाहेर आले. मी उत्साहानं म्हणालो, "काका, आता बिनघोर प्या. नैवेद्य दाखवला."

"कोणाला?"

"आमच्या खंडोबाला."

"आणि वाटीतलं?"

"पातेल्यात. प्रसाद सगळ्यांना पोचायला नको?"

काका स्टुलावर बसले. "अरे, आमचे शास्त्री दोन हजार वर्षं एकाच गोष्टीला घाबरत आले. कोणीतरी आपला द्राक्षरस उचलेल आणि त्याच्या देवापुढे ठेवेल. मला वाटायचं, काय उगाच घाबरतात! असं खरंच करणारा माणूस आज भेटला. पिंपळे गुरवमध्ये!"

"परत उकळू?" मी रडवेला.

"आता सूर्यावर ठेवून उकळलास तरी नाही."

"मग कढीपत्त्याला घालतो."

"झाडालाही नाही. मोरीत."

तीन दिवसांच्या मनुका मोरीतून गेल्या. सूर्य मावळला की सण लागायचा. मावळायला तासभर उरला होता आणि पुण्याहून कुणी रस आणून देईपर्यंत तो तीनदा मावळला असता. मी मनातल्या मनात बॅग भरू लागलो. काकांनी पुण्याच्या प्रार्थनालयातल्या एका जाणत्या बुजुर्गांना फोन लावला, स्पीकरवर. सगळं ऐकून बुजुर्ग आधी पोटभर हसले, मग म्हणाले, "द्राक्षरस मिळतच नसेल तर त्या मुलखाचं मानाचं पेय चालतं. पाहुण्यापुढे काय ठेवतोस?"

काकांनी माझ्याकडं पाहिलं. मी म्हणालो, "चहा."

"ठेव मग," फोनमधून आवाज आला.

जेवणात मटण, आणि त्यांच्यात मटणाबरोबर दूध चालत नाही. सूर्य मावळायच्या आत मी कोरा चहा करून थर्मास भरला. काका उशीला डावीकडं रेलले, मी पेला भरला, आणि राजा फुंकर मारमारून पिऊ लागला. शाळेत प्रश्न विचारला की छडी मिळायची, म्हणून मी ती सवयच सोडली होती. त्या रात्री विचारलं, "आजची रात्र बाकीच्या रात्रींहून निराळी का?" उत्तर दोन तास चाललं. मधे एकदाच काका थांबले. म्हणाले, "तुझ्या काकूनं कधी विचारलं नाही. तिला सगळं पाठ होतं." मग तिसरा पेला पुढं केला. वाइन असती तर दुप्पट मापाच्या चार पेल्यांनी एखाद्याला गुंगी आली असती. आमचा माणूस पहाटेपर्यंत टक्क जागा.

सण सरल्यावर मुलीचा फोन आला. "पार पडला का, पप्पा?"

"टॉलरन्समध्ये," काका म्हणाले. म्हणजे मापात फरक आहे, पण माल पास. घर राहिलं. मीही राहिलो.

पुढं दोन पेसाह आम्ही तसेच केले, मनुकांच्या रसावर, आणि मी हात मागं बांधून. मग मुलीला जमलं नाही ते काकांच्या दुखऱ्या गुडघ्यांनी केलं. काका इस्रायलला मुलीकडे गेले. यंदा सणाच्या आदल्या दिवशी फोन आला.

"काका, रस केला का?"

"कशाला? इथे कोपऱ्याकोपऱ्यावर बाटल्या मिळतात. शिक्का मारलेल्या, तपासलेल्या. एक दोष सापडायचा नाही." मग म्हणाले, "सगळं शुद्ध आहे रे इथे. बिघडवायला कोणी नाही."