रिकामं यंत्र पास झालं: वाशिंद ते धसई, व्हाया सरकार

वरी सडायचं, म्हणजे दाण्यावरचं तूस काढायचं, यंत्र टेम्पोत घालून शहापूर-मुरबाड फिरणे हा कुणाच्या सहलीचा बेत नसतो. पण तुमच्या डोक्यातल्या कल्पनेला सरकारने हात द्यावा असं वाटत असेल, तर रस्ता हाच. जाणाऱ्यांनी पाण्याची बाटली, आधार कार्डाच्या सहा झेरॉक्स आणि भरपूर संयम बरोबर घ्यावा. माझा किन्हवलीलाच संपला.

वाशिंदला माझं छोटं वर्कशॉप आहे. सोळाव्या वर्षी कारखान्यात लेथ पुसायला लागलो, आज स्वतःचे दोन आहेत. दोन वर्षांपूर्वी धसईला एका शेडचं काम घेतलं, तिथे बाजारात भागीबाय भेटली. डोंगराखालच्या वाडीतली. उजवा हात खांद्याच्या वर जात नव्हता. जन्मभर उखळात वरी कांडलेली. सून कल्याणला नोकरीला लागल्यापासून सगळं मुसळ हिच्याच गळ्यात. वेल्डिंगकडे बघत म्हणाली, "शेठ, लोखंडाचं येवढं सगलं करता, या मुसळाचं कायतरी करा की!"

केलं. दोन रबरी रोलर, छोटी मोटर, खाली पंखा. भागीबायने पाठवलेली जुनी वरी घातली, तर दाणा मोत्यासारखा बाहेर. मग कुणीतरी सांगितलं, सरकारची नावीन्याला पाठबळ देणारी योजना आहे, दहा यंत्रं बनवायचा खर्च मिळेल. अट एकच: गावात चाचणी घ्या, अधिकाऱ्याची सही आणा. दहा यंत्रं म्हणजे दहा वाड्या. म्हटलं, चला.

पहिला दिवस शहापूरचा. कचेरी हायवेपासून चालत दहा मिनिटं. समोरच्या टपरीवर वडापाव वीस रुपये, मिरची तळलेली, चव चांगली. आत जायच्या आधीच खाऊन घ्या, कारण आत कधी "बसा" म्हणतील आणि कधी "उद्या या", याचा नेम नाही. खिडकीवरच्या मॅडमनी फाईल चाळली.

"फोटोत यंत्र आहे, तुम्ही नाहीत."

"मॅडम, यंत्र मीच बनवलंय."

"ते फोटोत कसं दिसणार?"

खाली टेम्पोत चढून यंत्राच्या गळ्यात हात टाकून फोटो काढला. टेम्पोवाला बाळू म्हणाला, "दादा, हसा ना जरा, लग्नाचा फोटो हाय!" वर गेलो तर 'नावीन्य कशात आहे' हा रकाना कोरा होता. मी लिहिलं, 'खांदा दुखत नाही.' मॅडम म्हणाल्या, तांत्रिक लिहा. मग शेजारी बसलेल्या मुरबाडच्या एका मास्तरांना विचारून 'घर्षणाधारित' असा शब्द घातला. मॅडमचा चेहरा उजळला. चाचणीची तारीख मिळाली: परवा. चाचणीवर सही करणाऱ्या साहेबांना तेवढाच दिवस मोकळा होता आणि अर्जाची मुदत पुढच्या शुक्रवारी संपत होती. मीही मान डोलावली. त्या वाडीत परवा काय आहे, काय नाही, हे विचारायचं सुचलं नाही. कान तिखट म्हणून मिरवतो, पण तोंड वेळेवर उघडत नाही.

परवाचा दिवस. शहापूर-किन्हवली-सरळगाव हा रस्ता भाताच्या कापणीच्या दिवसांत दिसायला फार सुंदर. सोन्यासारखी खाचरं, मागे निळा डोंगर. मला मात्र खड्डेच दिसत होते, कारण प्रत्येक खड्ड्याला मागे एक नट ढिला होत होता. किन्हवलीला थांबून पाना काढला तेव्हा बाळू म्हणाला, "दादा, संशोधन म्हंजे हेच काय?" सरळगावला साहेब मोटरसायकलवर उभे होते. माणूस सज्जन. दोन तालुके एकट्याच्या अंगावर, पेट्रोल बहुतेक खिशातलं. तिथला चहा प्या, आल्याचा आहे. पुढे धसईनंतर काही मिळत नाही.

वाडीत यंत्र उतरवलं, मोटरला लाईट जोडली, माणसं जमली. मी भागीबायला म्हटलं, "आण वरी."

ती जागची हलली नाही. "कंची वरी?"

"नवी. खळ्यावर पडलीय ती."

"अवो शेठ, नवं झालं नाय अजून!"

मग कळलं. नवं धान्य आधी गावदेवाला दाखवायचं. तोवर ते तोंडात घालायचं नाही, उखळात नाही, मग यंत्रात कुठलं? नव्याला अजून चार दिवस होते. जुनी वरी संपलेली. राहिलं होतं बियाणं, आणि ते मागायची माझी छाती नव्हती.

मी साहेबांना म्हटलं, "चार दिवसांनी याल का?"

"चार दिवसांनी मी कसाऱ्याकडे. आणि मुदत?" त्यांनी डोकं खाजवलं. "देवाला लवकर नाही का करता येणार?"

मागून एक म्हातारा बोलला, "साहेब, सरकारला तारीख बदलता येते. आमच्या देवाला नाय येत."

सगळे हसले. साहेबही. मग ते यंत्राकडे वळले. "सुरू तर करा." केलं. रोलर फिरले, पंखा घरघरला, आत काहीच नाही. साहेबांनी मोबाईलवर व्हिडिओ काढला, ठिकाणाची नोंद येते की नाही ते दोनदा तपासलं आणि फॉर्म मांडीवर घेतला. चाचणी यशस्वी? दोन चौकोन होते: 'होय' आणि 'अंशतः होय'.

"साहेब, 'नाही' कुठंय?"

"'नाही' लिहिलं तर फाईल परत येते, आणि परत का आली याचा खुलासा मलाच द्यावा लागतो." त्यांनी 'होय'वर खूण केली. "अभिनंदन."

भागीबाय बघत होती. "आन दाना कोनी बघितला?"

साहेबांनी मोटरसायकल सुरू केली.

चार दिवसांनी मी परत गेलो. या वेळी बाळूने भाडं अर्धंच घेतलं, म्हणाला मला पण बघायचंय. नवं झालं होतं, दारादारात तोरणं, घरात नव्या वरीचा भात शिजल्याचा वास. भागीबायने सूपभर वरी ओतली. रोलर फिरले. खाली काय आलं? निम्मी कणी आणि निम्मी वरी तुसासकट. जुनी वरी चुलीवरच्या माळ्यावर धुरात वाळलेली होती. ही ताजी, मऊ. रबर तिला चिरडत होतं.

भागीबायने मूठभर कणी तळहातावर घेतली, फुंकली. रागावली असती तर बरं झालं असतं. ती उठली आणि घरातलं मुसळ बाहेर घेऊन आली. डाव्या हाताने.

मी साहेबांना फोन लावला. म्हणाले, "पुढच्या टप्प्याच्या अहवालात 'सुधारणा' असा रकाना आहे, तिथे टाका." शहापूरला जाऊन एक साधं पत्र दिलं: चाचणी रिकामी झाली होती, नव्या दाण्यावर यंत्र फसलं, दुरुस्ती चालू आहे. मॅडमनी पत्र परत केलं. असं जोडपत्र यादीत नाही. मी फाईलही परत घेतली. शुक्रवार गेला. सही-शिक्क्याचं 'होय' माझ्या ड्रॉवरमध्ये पाना-पक्कडीशेजारी पडलंय.

वाडीतून निघताना भागीबायने टेम्पोत एक गोणी टाकली होती. नवी वरी. "यंत्राला शिकव," म्हणाली. "सगली कणी करू नको, पोरांच्या तोंडचं हाय."

माझ्या संशोधनाला आजवर मिळालेली मदत ती एवढीच. त्या मदतीसाठी कुणी फोटो मागितला नाही.

घरी आल्यापासून रोज मोजून दोन ओंजळी घालतो, रोलरमधलं अंतर कागदाच्या जाडीइतकं सरकवतो. आज सकाळी पहिल्यांदा मूठभर दाणे अखंड आले. लगेच वाडीत फोन लावला.

"मूठभर?" भागीबाय म्हणाली. "सूपभर झालं की ये. तवर मी कांडते."