काळाचौकीच्या टाकीला घोडपदेवचं विरजण

आमच्या चाळीच्या आवारात गोबरगॅसची टाकी आहे, पण तिच्यात गोबर नाही. एका संस्थेने ती बसवली तेव्हा सुरुवातीला तबेल्यातून शेण आणून ओतलं, तेवढंच. त्यानंतर सगळं आमच्या घरांतलं: उरलेला भात, भाजीची देठं, शिळी भाकरी. ते आत कुजतं, गॅस धरतो, वरची टोपी उचलली जाते आणि नळीतून गॅस तळमजल्यावरच्या बालवाडीत जातो. पोरांची खिचडी त्यावर शिजते. संस्थेच्या लोकांनी नारळ फोडला, फोटो काढले आणि गेले. नंतर त्यांचा फोन लागला नाही.

टाकी मी सांभाळते. माझी शाळा चौथीपर्यंत. त्यानंतरच्या साठ वर्षांत कालवणात मीठ किती घालायचं याखेरीज मला कुणी काही विचारलं नव्हतं. टाकी आल्यापासून विचारतात. ते मला आवडतं. यात लाजण्यासारखं काही नाही.

अशा टाक्या मुंबईत बऱ्याच ठिकाणी आहेत, घोडपदेवच्या एका चाळीतही. ती सांभाळणारी बाई पोळीभाजी केंद्र चालवते, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान. गेल्या वर्षी तिची शेगडी विझली तेव्हा ती माझ्याकडे आली होती. मी म्हटलं, "टाकी जमत नसेल तर तुळशीची कुंडी ठेवायची." ती चहा न घेता गेली. मला त्याचं काही वाटलं नाही.

मग गटारी आली. श्रावण लागायच्या आधी आमच्याकडे घराघरात कोंबडी-वडे होतात, सुरमई तळली जाते, कारण पुढे महिनाभर बंद. टाकीला रोज एक बादली घालायची, हा माझाच नियम. त्या दिवशी बायका टोप घेऊन रांगेने आल्या. उरलेला रस्सा, तेल, माशांची डोकी, वड्यांचं पीठ, सोलकढीसुद्धा. मी कुणाला परत पाठवलं नाही. मला जास्त गॅस करून दाखवायचा होता. दुसऱ्या दिवशी टोपी कधी नव्हे एवढी वर आली. मी सगळ्या गॅलऱ्यांना ओरडून दाखवली. बालवाडीच्या बाईने शेगडीला काडी लावली तर काडीच विझली. गॅस होता, पण जळणारा नव्हता. झाकण उघडलं तर ओकारीसारखा आंबट वास.

चार दिवसांत वास वरच्या मजल्यावर पोचला. आमचा सेक्रेटरी माझ्यासमोर लहानाचा मोठा झालेला.

"आजी, लोक माझं डोकं खातायत," तो म्हणाला. "बारा दिवसांनी सभा आहे. तोवर पेटली तर पेटली. नाहीतर टाकी भंगारात आणि तिथे मोटरसायकली."

"तुझी पहिली उभी राहील ना?"

"माझी कशाला? पण राहील."

मी चुन्याची निवळी ओतली. काही झालं नाही. आमच्या फाटकाशी शीव कोळीवाड्यातली एक मासेवाली बसते. तिच्या बाजारातही टाकी आहे. तिने नाकाला पदर लावला, म्हणजे बघा.

"काय गो म्हातारे, माझ्या पाटीपेक्षा तुझी टाकी घाण मारते. आंबली ती."

"ते मला कळतं."

"कळतं तर उपाशी ठेव तिला. अर्धी उपस आणि चालू टाकीतली स्लरी, तो आतला कुजका काला, आणून ओत. दूध विरजतेस ना, तसं."

"मग दे तुझी."

"आमची नुसती मासळीवर वाढलेली, तुझ्या भाताला चालायची नाय. घोडपदेवला जा."

घोडपदेवला जायचं म्हणजे काय ते मला ठाऊक होतं. एक दिवस घालवला. मग गेले.

ती पोळ्या लाटत होती. मान वर न करता म्हणाली, "या मावशी. कुंडी बघायला आलात?"

"स्लरी पाहिजे. टाकी आंबली."

"कशाने?"

"गटारीच्या खरकट्याने. मीच ओतलं."

तिने लाटणं ठेवलं आणि पोट धरून हसली. "माझी लग्नाच्या जेवणाने आंबली होती. तेच विचारायला आले होते तुमच्याकडे."

"चुकलं माझं."

"स्लरी देते. पण हे सगळं बाकीच्या टाकीवाल्या बायकांसमोर बोलायचं. प्रत्येकीची टाकी कधी ना कधी बिघडते, आणि प्रत्येक बाई लपवते. तुमच्यासारख्यांच्या तोंडाला भिऊन."

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

मासेवालीचा टेम्पो सकाळी माल उतरवला की रिकामा असतो. त्यातून झाकणाचे चार ड्रम आले. "माझ्या टेम्पोला वासावरून कोण बोलणार?" ती म्हणाली. घोडपदेववाली ड्रमांबरोबर स्वतः आली. आम्ही तिघींनी साड्या खोचून अर्धी टाकी उपसली आणि तिची स्लरी ओतली. मग टाकीला उपास. बायका बादल्या घेऊन यायच्या, मी हाकलायचे. पाचव्या दिवशी आंबट वास गेला. सहाव्या दिवशी मूठभर भात घातला. सातव्या दिवशी ज्योत आली आणि लगेच गेली. मी कुणाला सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सभा. मी सेक्रेटरीच्या हातात काडेपेटी दिली. "तूच लाव. नंतर म्हणशील म्हातारीने जादू केली."

भक्कन निळी ज्योत उठली. तो दोन पावलं मागे सरकला. अख्ख्या सभेचा चहा त्या शेगडीवर झाला. सेक्रेटरीने कप संपवला, कागदावर एक ओळ खोडली आणि म्हणाला, "पुढचा विषय घ्या."

कबूल केलं होतं तसं पुढच्या रविवारी मी टाकीवाल्या बायकांना आमच्या आवारात बोलावलं. लालबाग, परळ, दादर, गिरगावपासून आल्या. मी उभी राहून सांगितलं: गटारी, सोलकढी, ओरडून दाखवलेली टोपी, आणि घोडपदेववालीला काय बोलले तेही. कुणी हसायचं थांबेना. मग परळची एक बाई हळूच म्हणाली, "आमची दिवाळीपासून बंद आहे. आम्ही सांगतो, दुरुस्ती चालू आहे." मग दुसरी बोलली, मग तिसरी. निम्म्या टाक्या मेलेल्या निघाल्या.

तिथेच ठरलं. जिची टाकी बिघडेल तिने त्याच दिवशी सांगायचं. तसलंच खाणारी जवळची टाकी स्लरी देणार, टेम्पो शीवचा, आणि दोघीजणी उपसायला जाणार. गिरगावची एक शिकलेली बाई म्हणाली, आपण महासंघ काढू, आधी त्याचं नाव आणि अध्यक्ष ठरवू. मी म्हटलं, आधी ड्रम धुऊ. फोनवर आमचा ग्रुप आहे. मला टाइप करायला वेळ लागतो, म्हणून मी बोलून पाठवते. सगळ्या ऐकतात.

पहिली पाळी परळची. ड्रम भरले ते आमच्या टाकीतून. शेगडी पेटायला पंधरा दिवस लागले. काडी लावायच्या दिवशी आम्ही सगळ्या गेलो. परळवालीने काडी लावली. ज्योत धरली तशी ती रडायला लागली.

मी म्हटलं, "रडतेस काय? आधण ठेव."