वय विचारून दिलेला नंबर

येरवड्याच्या आमच्या एका खोलीत आई शर्टांची काजं करायची. हिंजवडीच्या कंपन्यांतल्या वॉचमनचे शर्ट. वडील गेल्यावर चूल आणि माझं कॉलेज त्याच सुईवर चाललं. मग तिला सुईचं भोक दिसेना. काजं वाकडी व्हायला लागली. कारखानदाराने सांगून टाकलं, "नजर नीट करून या, नाहीतर काम दुसरीला."

डेक्कनचा डोळ्यांचा दवाखाना. डॉक्टरांनी इंग्रजी अक्षरांच्या तक्त्याकडे बोट केलं. "वाचा."

"शाळा नाही झाली, साहेब."

"मग चष्मा घालून काय पेपर वाचणार आहात? वय किती?"

"चव्वेचाळीस असंल."

असंल! मागे बसलेले हसले. डॉक्टरांनी वयावरून नंबर लिहिला. दोन मिनिटांत. आईने वर त्यांनाच हात जोडले. मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते, आणि गप्प बसले. त्याची लाज मला अजून आहे.

त्या चष्म्याने तिचं डोकं ठणकायचं. बोटांना सुया टोचायच्या. शर्टांचं गाठोडं परत आलं. ती म्हणाली, "माझंच डोळं वाईट."

तिथे माझं डोकं फिरलं. दुसऱ्या दिवशी तिला घेऊन त्याच दारात.

"ई चा तक्ता लावा, डॉक्टर. उलटसुलट ई चे दात कुठल्या बाजूला आहेत ते ती हाताने दाखवेल. आमच्या कॉलेजच्या शिबिरात असंच तपासतात."

"आपण डॉक्टर का?"

"नाही. पण तपासल्याशिवाय आम्ही उठणार नाही."

रांग चुळबुळली. शेवटी तक्ता लागला. आईने हात वर, खाली, डावीकडे केला. मोठ्या ओळींत एकही चूक नाही, खालच्या बारीक ओळींवर हात अडखळला. मग जड फ्रेम नाकावर चढली, भिंगं बदलायला लागली.

"हे बरं की ते?"

"दोन्ही बरं, साहेब."

जन्मभर हेच. शिळी भाकरी बरी, उतरलेलं लुगडं बरं. मी ओरडलेच, "आई, साहेबाचं मन राखू नकोस! त्यांना दिसत नाही तुला काय दिसतं ते. तू सांगितलंस तरच नंबर निघेल."

तिने फ्रेम नाकावर नीट बसवली. मग म्हणाली, "पहिलं परत दाखवा." जरा वेळाने, "न्हाई. ह्याच्यात रेघ फाटती. दुसरं."

डॉक्टर भिंगं बदलत राहिले. ती सांगत राहिली.

दोन डोळ्यांचे दोन वेगळे नंबर निघाले. डाव्याला रेघ फाटायची, त्याचा सिलिंडर नंबरसुद्धा. नव्या चष्म्याने काजं सरळ झाली, काम टिकलं. मी पदवी घेतली, मग डोळे तपासण्याचा कोर्स केला. आज येरवड्यात माझी स्वतःची खोली आहे, तपासणीची. अक्षर येवो न येवो, माणूस स्वतःच्या तोंडाने सांगेपर्यंत मी कागदावर पेन टेकवत नाही.