टोपी न फुटलेलं रिव्हॉल्व्हर

मामा गेल्याचा फोन आला तेव्हा मी ओझरला कामावर होतो. "जेवायला हाक मारली, तर उठलेच नाहीत रे," एवढंच मामी बोलली. नाशिकला पोचेपर्यंत दुःखाआधी रागच दाटून आला होता... दीड महिना होत आला, तो उतरलेला नाही.

माधवमामांनी निवृत्तीनंतरचं सगळं आयुष्य जुन्या लष्करी रिव्हॉल्व्हरांना दिलं. काडतुसं येण्याआधीची ती शस्त्रं. दारू आणि गोळी ठासायची, मागे तांब्याची इवलीशी टोपी बसवायची. चाप ओढला की घोडा टोपीवर आदळायचा, टोपी फुटायची आणि तिच्या ठिणगीनं दारू पेटायची. मामांकडे अशी चार होती, रीतसर कागदांसह. लांबलांबचे लोक आपली शस्त्रं पारखायला घेऊन येत. मामा चहा पाजत आणि खरं ते सांगत. तेच नडलं.

एक बडे गृहस्थ आले. नाव लिहीत नाही, पिंपळगावापासून इथवर सगळे ओळखतात. खापरपणजोबांनी सत्तावनच्या उठावात चालवलेलं रिव्हॉल्व्हर म्हणून त्यांना ते नव्या वास्तूत काचेच्या पेटीत मांडायचं होतं. मामांनी भिंगाखाली बराच वेळ पाहिलं. मग म्हणाले, "टोपी फुटते तिथं गंज धरतोच. इथं एकदाही टोपी फुटलेली नाही. घडणही नवी आहे, हे अलीकडे बनवलेलं आहे."

गृहस्थ हसले, मामांच्या पाया पडले आणि गेले. थोड्याच दिवसांत मामांच्या घरात घातक शस्त्रं असल्याची निनावी तक्रार झाली. चारही रिव्हॉल्व्हरं चौकशीसाठी गेली. कागद खरे आहेत हे मान्य व्हायला वर्षं लागली, आणि तोवर ती गळक्या खोलीत गोणपाटात पडून होती. परत आली तेव्हा मामांना तोंडपाठ असलेले त्यांच्यावरचे नंबरसुद्धा गंजानं खाल्ले होते. आपण कोर्टात जाऊ, असं मी म्हणालो. मामा म्हणाले, "कोणाविरुद्ध? तक्रारीवर सहीच नाही रे."

शोकसभेला ते गृहस्थ हार घेऊन आले. आमच्या घराण्याचं रिव्हॉल्व्हर अस्सल असल्याची ग्वाही खुद्द माधवरावांनी दिली होती, असं त्यांनी भरल्या गळ्यानं सांगितलं. लोकांनी माना डोलावल्या. मी उठायला लागलो, तर मामीनं मनगट धरलं. "बस खाली," ती हळूच म्हणाली. "तुझे मामा खरं बोलले, तर आपल्या घरानं काय भोगलं ते पाहिलंस ना?"

मी बसलो.

परवा मामांच्या खोलीत गेलो. टेबलावर चारांतलं एक रिव्हॉल्व्हर तसंच आहे. शेवटच्या दुपारी मामा त्याचा गंज काढत बसले होते. नळी अर्धी लखलखीत आहे, पुढे तपकिरी खपल्या. मामी रोज टेबल पुसते, पण ते उचलत नाही, भोवतीनंच फडकं फिरवते. उरलेली नळी मी साफ करतो म्हणालो.

"नको," मामी म्हणाली. "ते इथपर्यंत आले होते."