पिंपळावरचा पहिला घाव

पिंपळ पाडायचा दिवस बाबांनी पंचांग बघून ठरवला. आई म्हणाली, "अहो, घरट्यांत पिल्लं आहेत. महिनाभर थांबा, उडून जातील."

"तोवर पाऊस येईल नि भिंत गंगेत जाईल. मग तुझ्या कावळ्यांकडे राहायला जाऊ!"

भिंतीचं खरं होतं. रामघाटावरच्या आमच्या स्वयंपाकघरात मुळं आत घुसली होती. पण तो पिंपळ आमच्याच पूर्वजांनी घाटाला सावली हवी म्हणून लावलेला, आणि कावळे आले ते त्या झाडामुळेच. आई जेवायच्या आधी त्यांना भात घालायची. बाबांचं तर पोटच त्यांच्यावर. काशीतल्या मराठी घरांचे दहाव्याचे पिंड ते करवत, आणि पिंडाला कावळा शिवल्याशिवाय आमच्यात माणूस सुटत नाही.

लाकूडतोडे आले, पण पिंपळाला कुऱ्हाड लावेनात. "पंडितजी, पहला वार आप कीजिए. पाप आपका, लकड़ी हमारी." बाबांनी नमस्कार केला, इथे राहणाऱ्यांनी दुसरीकडे जावं असा मंत्र म्हटला आणि घाव घातला. कावळ्यांना संस्कृत येत नव्हतं. दुपारी फांद्या कोसळल्या, पिल्लं फरशीवर आपटून फुटली. एक लाल चोच अजून उघडत-मिटत होती, तिच्यावर बाबांचा पाय पडला. मुद्दाम नव्हे, पण पडला. तसे कावळे त्यांच्यावर तुटून पडले. टाळू फाटली, रक्त जानव्यापर्यंत ओघळलं. बाबा असे भडकले की त्यांनी एक कावळा काठीने तिथल्या तिथे ठेचला आणि पाय बांधून गच्चीवर टांगला. "आता या! या ना!" आई दोन दिवस जेवली नाही.

त्यानंतर बाबा बाहेर पडले की कावळे कर्कश ओरडत मागे लागायचे. बाकी कुणाच्या वाटेला जात नसत. हा माणूस भर थंडीत छत्री उघडून घाटावर जायचा. त्यांनी ठेवलेल्या पिंडाला कावळा शिवेना, मग दर्भाचा कावळा करून वेळ मारून न्यायचे. यजमान हळूहळू दुसऱ्या गुरुजींकडे वळले.

तिसऱ्या वर्षी आई गेली. दहाव्याला बायकांनी घाटावर जायचं नसतं, पण मी एकुलती एक, मी गेलेच. बाबांनी पिंड ठेवला. समोरच्या छज्ज्यावर वीसेक कावळे बसलेले, एक खाली उतरेल तर शपथ. "पोरीचं नीट करीन गं," बाबा म्हणाले. नाही. "पिंपळ लावीन, तुझी शप्पथ लावीन." नाही. ऊन डोक्यावर आलं आणि सावली तर आम्हीच तोडली होती. शेवटी त्यांचा हात दर्भाकडे गेला. माझ्या आईला गवताचा कावळा? अंगाची नुसती लाही लाही झाली. मी तो हात धरला.

"बाबा, आईचं काही अडलेलं नाही. ते तुम्हाला ओळखतात. तुम्ही जा इथून."

"अगं, मी नवरा आहे तिचा."

"जा म्हणते ना!"

ते उठले. ओल्या पंच्यानिशी पायऱ्या चढून गल्लीच्या वळणाआड गेले. छत्री पिंडाशेजारीच राहिली, ती मी मिटून मागे लपवली. लगेच एक कावळा उतरला, त्याने भातात चोच खुपसली. मग सगळेच उतरले.

गल्लीतून आवाज आला, "शिवला का गं?"

मला रडू फुटत होतं आणि राग काही केल्या जात नव्हता.

"शिवला," मी म्हटलं. "पण तुम्ही एवढ्यात बाहेर येऊ नका."